ओवळ्या पुस्तकाची पैज

डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांतली माणसं जेवतात कधी, हा विमलचा नेहमीचा प्रश्न. घरात खून होतो, डिटेक्टिव्ह येतो, चिरुटाची राख चिमटीत धरून तिचा वास घेतो, चिखलातलं पाऊल फूटपट्टीनं मोजतो. पण त्या घरात रात्री कोण पोटभर जेवलं आणि कोणाचं ताट तसंच राहिलं, हे काही तो विचारीत नाही.

"भांडी घासणारीला एकदा बोलावलं असतं ना, तर दुसऱ्याच प्रकरणात पुस्तक संपलं असतं," ती नवऱ्याला म्हणाली.

"म्हणूनच बोलावीत नाहीत," श्रीकांत म्हणाला. "पुस्तक एवढ्यात संपलं तर लेखकानं खायचं काय?"

"बघा! लेखकाच्या जेवणाची काळजी आहे तुम्हाला."

खंडव्याला गोरा डिप्टी कमिशनर बसत होता, त्या काळातली, त्याच जिल्ह्यातल्या तापीकाठच्या एका गावातली ही गोष्ट. श्रीकांत लालबागेकडच्या एका जिनिंग फॅक्टरीत कारकून होता. घर बुधवारा नावाच्या मोहल्ल्यात. संध्याकाळी कापसाचे तंतू कोटावर घेऊन तो परतायचा आणि वाटेत वाचनालयात डोकावून यायचा. वाचनालयाचा सभासद तो, वाचणारी मात्र विमल. वाचनालय सांभाळणारा प्रभाकर हे ओळखून होता. पुस्तक परत घेताना तो हळूच विचारी, "काय म्हणतात आमचे टीकाकार?" श्रीकांतही पाठ करून आणल्यासारखा सांगे.

'अफूची डबी' या कादंबरीबद्दल विमलनं कळवलं होतं, की श्रीखंडातून अफू चारली म्हणे आणि खाणाऱ्याला कडू लागली नाही. साखरेनं सगळा कडवटपणा मरतो असं लेखकाला वाटत असेल, तर त्यानं एकदा आमच्याकडं कारल्याची भाजी खायला यावं. 'तिसऱ्या मजल्यावरचे पाऊल' तिला बरं वाटलं, पण त्या घरात जिना म्हणून कुणी झाडत नाही. इतक्या धुळीत पाऊल उमटलं तर त्यात रहस्य कसलं? कवितांच्या एका पुस्तकावर तिचा शेरा होता, "चंद्र फार. आमच्याकडं अर्धा महिना अंधार असतो, यांच्याकडं रोज पौर्णिमा." आणि कुणा गृहस्थांनी गृहिणींना उपदेश करणारं पुस्तक लिहिलं होतं, त्यात 'पहाटे प्रसन्न मुद्रेने चूल पेटवावी' असं वाक्य होतं. त्यावर तिनं एवढंच सांगून पाठवलं, की लाकडं ओली होती का कोरडी, ते लिहायचं राहिलं आहे.

प्रभाकर हसून हसून बाकावर बसे.

आता घरात सासू, दोन शाळेत जाणारी मुलं, तिन्हीत्रिकाळ सोवळ्यातला स्वयंपाक, देवपूजा, वाती, फुलं. इतकं असताना बाईला वाचायला वेळ कुठून? तर तो वेळ दर महिन्याला आपल्या पायांनी चालत येई. बाहेरची झाली, कावळा शिवला, की विमल मागच्या पडवीत बाजूला बसे. चटई, कांबळं, पाण्याचा तांब्या. चुलीजवळ जायचं नाही, मुलांना जवळ घ्यायचं नाही, कुणी काम सांगायचं नाही. देवापाशी खोटं बोलू नये म्हणून ती मनात कबूल करी, की त्या तीन दिवसांची आपण वाट बघतो.

पहिल्यांदा मात्र मोठा प्रश्न पडला होता. तिच्या सासूबाई, म्हणजे मालूबाई, सोवळ्याच्या बाबतीत बुधवाऱ्यात शेवटचा शब्द. सासरे गेल्यापासून त्यांचं सोवळं आणखी कडक झालेलं. नळावरून दुसऱ्या बाईचा शिंतोडा उडाला तरी घागर पुन्हा घासत. सुनेच्या हातात पडवीत पुस्तक बघून त्या उंबऱ्याच्या आतच थबकल्या.

"अगं, अक्षर म्हणजे सरस्वती. अशा दिवसांत हात लावतेस?"

विमललाही ते खोटं म्हणवेना. ती रोज पोथीचा अध्याय वाचल्याशिवाय तोंडात घास न घालणारी. पण पुस्तक अर्धं झालं होतं.

"सासूबाई, यात देवाचं नाव नाही. पहिल्याच पानावर खून आहे."

"देव नाही?"

"नाही."

"स्तोत्र, आरती, एखादा साधुपुरुष?"

"एक फौजदार आहे."

मालूबाईंनी क्षणभर विचार केला. "मग ते मुळातच ओवळं आहे. तू शिवून आणखी काय ओवळं व्हायचं राहिलंय त्यात? वाच."

तेव्हापासून घरात कायदाच झाला. बाजूला बसल्यावर वाचायचं पुस्तक ज्यात देव नाही असंच हवं. त्या कायद्यानं सामाजिक कादंबऱ्या एका फटक्यात गेल्या, कारण त्यांतल्या नायिका दर पानाला 'देवा, आता तूच रे!' म्हणून रडतात. ऐतिहासिक कादंबरी अर्ध्यावरून परत गेली. नायकानं तलवार उपसली आणि देवीच्या नावानं आरोळी ठोकली. विमलला नायकाचं काही वाटलं नाही, पण तीन किल्ले पळवलेल्या त्याच्या घोड्याला शेवटी पाणी मिळालं की नाही, ही काळजी तिला कितीतरी दिवस होती. उरले डिटेक्टिव्ह. त्यांच्या मुलखात देवाला कुणी हाकच मारीत नसे. सगळे फौजदाराला हाका मारीत.

कायद्याचा दुसरा भाग श्रीकांतवर पडला. विमल चौथ्या दिवशी न्हाऊन घरात आली, की ती शुद्ध. पुस्तक मात्र ओवळंच राहिलं. ते घरात येऊ शकत नव्हतं आणि तिला पुन्हा शिवता येत नव्हतं. श्रीकांतनं संध्याकाळी, अंगावर बाहेरचे कपडे असतानाच, मागच्या दारानं यायचं, पडवीच्या कोनाड्यातून पुस्तक उचलून वाचनालयात द्यायचं आणि परत येऊन अंघोळ करायची.

"बायको वाचते आणि नवरा भिजतो," तो कुरकुरे.

"तुमचंच पुण्य वाढतंय," मालूबाई म्हणत.

म्हणून विमलनं जाड पुस्तक कधी मागवलं नाही. तीन दिवसांत जे संपेल ते आपलं.

पुढं पुढं एकटीनं वाचणं राहिलं नाही. मालूबाई डाळ निवडायच्या निमित्तानं उंबऱ्याच्या आत बसू लागल्या. हात सुपात, कान पडवीत. मागच्या भिंतीपलीकडं धुरपदाबाई राहत. त्यांच्या केळीच्या बागा तापीकाठी होत्या, घरात नोकरमाणसं होती आणि दुपारी करायला काही नव्हतं. त्या आपला पाट घेऊन अंगणात येऊन बसत. मग विमलला मोठ्यानं वाचावं लागे, आणि धुरपदाबाईंना कमी ऐकू येई म्हणून मोठ्याहून मोठ्यानं.

"मंग? मंग काय झालं वो सूनबाई?"

"मग दिवा विझला."

"कोनं विझवला?"

"तेच तर कळायचंय."

"तेल सरलं आसंल. बघून तरी घ्या म्हना आधी."

पुस्तकातल्या कुणाचं नाव मुरलीधर किंवा गोविंद निघालं, तर मालूबाई हात वर करून थांबवीत. ते नाव पडवीतून उच्चारायचं नाही. विमल त्याला 'भाचा' नाहीतर 'मुनीम' म्हणून पुढं जाई. आणि नायिकेनं घाबरून देवाला हाक मारलीच, तर "इथं तिनं 'त्यांना' हाक मारली" असं म्हणून ती पान उलटी.

गुन्हेगार कोण, यावर मालूबाईंचं मत पुस्तक उघडायच्या आधीच ठरलेलं असे. आचारी. त्यांच्या स्वतःच्या लग्नात आचाऱ्यानं तुपाचा डबा पळवला होता, तो राग त्या अजून धरून होत्या. ज्या पुस्तकात आचारी नसे, त्यात त्या म्हणत, "बघ, पळून गेला मेला." विमल मात्र पुस्तक मध्यावर आलं की नेमकं नाव सांगे आणि बहुधा तेच खरं ठरे. सासूबाईंना हे पचत नव्हतं.

त्या वर्षी मार्गशीर्षात थंडी जरा जास्तच होती. प्रभाकरनं श्रीकांतच्या हाती 'पानसुपारीचा डबा' नावाची कादंबरी दिली होती आणि सांगितलं होतं, "यावर टीकाकारांचं मत मला आठवणीनं हवं." कादंबरी अशी होती. एका रावसाहेबांच्या घरी पानसुपारीचा समारंभ होतो. रावसाहेब विडा खातात, दोन पावलं चालतात आणि कोसळतात. चुन्याच्या डबीत विष. संशय आचाऱ्यावर, कारण त्याला आदल्या दिवशी शिव्या बसलेल्या. संशय पुतण्यावर, कारण इस्टेट त्याला मिळायची. घरात आणखी एक विधवा आत्या. ती दिवसभर कोपऱ्यात पोथी वाचत बसलेली. तिची पोथी कोणती हे लेखकानं सांगितलं नव्हतं, म्हणून पुस्तक कायद्यात बसलं.

पहिल्या दिवशी धुरपदाबाईंनी सगळं दोनदा सांगायला लावलं. दुसऱ्या दिवशी मालूबाईंनी आचाऱ्याच्या बायकोची चौकशी करायला लावली, जी पुस्तकात नव्हतीच. तिसऱ्या दिवशी दुपार कलली तरी पुष्कळ पानं उरली होती.

"आचारी," मालूबाई म्हणाल्या.

"पुतण्या," विमल म्हणाली. "सासूबाई, त्यानं त्या दिवशी पान घेतलं नाही असं लिहिलंय. पान आवडणारा माणूस फुकटचं पान सोडतो, तर त्याला डबीत काय आहे ते ठाऊक असणार."

"तुझं आपलं नेहमीचं. मी सांगते, आचारी."

धुरपदाबाईंनी कानाला हात लावला. "आन् थी म्हातारी? पोथीवाली?"

मालूबाईंनी सूप खाली ठेवलं. "धुरपदा, काहीतरीच बोलू नको. सोवळ्यातली विधवा बाई. पानाच्या डब्याला ती हात लावील होय? पान तिला वर्ज्य. चुन्याची डबी दहा जणांनी हाताळलेली. तिची सावलीसुद्धा त्या डबीला शिवली नसेल. तिचं नावसुद्धा घ्यायचं नाही."

"बरं बाई, नाई घेत."

विमललाही ते पटलं. आत्याचा विचार तिनंही केला नव्हता.

मग ती कित्येक महिने मनात घोळवत असलेली गोष्ट एकदम बोलून गेली. "सासूबाई, पैज लावू या?"

"कसली?"

"पुतण्या निघाला, तर मला रोज दुपारी वाचू द्यायचं. माजघरात बसून, शुद्ध असताना, स्वच्छ पुस्तक. भाजी निवडून, वाती वळून, सगळं आवरल्यावर. नुसते हे तीन दिवस नाहीत."

मालूबाईंनी तिच्याकडं बघितलं. "रोज?"

"रोज. थोडा वेळ."

"आणि आचारी निघाला तर?"

"तर पुस्तक बंद. पडवीतसुद्धा."

"दोघंही नाही निघाले तर?"

"तर पैज बाद. शेवट वाचायच्या आधी कुणाला नाव बदलायचं असेल, तर बदलावं."

धुरपदाबाई टाळी वाजवून म्हणाल्या, "म्या साक्षीदार! चला, वाच आता."

पण पडवीतला उजेड जात होता. मालूबाई पडवीत दिवा देत नसत. ओवळ्यात दिवा ठेवायचा नाही, तो लक्ष्मी. विमलनं पुस्तक अगदी नाकाशी धरून दोन पानं ओढली आणि तिसऱ्यावर अक्षरं दिसेनाशी झाली. डिटेक्टिव्हनं सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा केलं होतं, चहा आला होता. एवढ्यावरच थांबावं लागलं.

"चहा केला कुणी, तेही लिहिलं नाही," ती पुस्तक मिटताना चिडून म्हणाली. "आचारी तर कोतवालीत आहे."

शेवटी असं ठरलं, की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी श्रीकांत पुस्तक न्यायला येईल, तेव्हा त्यानंच अंगणात उभं राहून उरलेला भाग वाचून दाखवायचा. पुस्तक कोनाड्यात पालथं राहिलं.

चौथ्या दिवशी पहाटे विमल न्हाली. केस वाळवून तिनं देवघरात दिवा लावला, पोथीचा अध्याय वाचला, स्वयंपाक केला, मुलांना जेवू घालून शाळेत पाठवलं. मन सगळं कोनाड्यात. दुपारी सासूबाई "जरा पडते" म्हणून आत गेल्या. चूल, भांडी सगळं आवरून बऱ्याच वेळानं ती देवासमोर उभी राहिली.

"देवा," ती मनात म्हणाली, "मी पुस्तकाला शिवते, शेवटची चार पानं वाचते, लगेच न्हाते. न्हाल्यावर माणूस शुद्ध होतं हे तूच सांगितलंस. यात मी कुठं चुकले?"

तिला वाटलं, देव गालातल्या गालात हसतोय.

"आणि फसवणूक म्हणशील तर मी नाव बदलणार नाही. पुतण्या म्हणजे पुतण्या. नुसतं जिवाला स्वस्थ वाटावं म्हणून."

ती मागं वळली. आधी पाणी तापवायला हवं. एवढ्या थंडीत गार पाण्यानं डोक्यावरून न्हाणं म्हणजे आजारपणच. ती पाय न वाजवता न्हाणीघरात गेली, बंबाला हात लावला आणि झटकन मागं घेतला.

बंब कढत होता.

सकाळी सगळ्यांच्या अंघोळी झाल्यावर तिनं स्वतः निखारे विझवले होते. आता खाली ताजी राख होती, तिच्यात एक लाल ठिणगी. न्हाणीघराची फरशी ओली. तिनं वर बघितलं. उंच वलणीवर मालूबाईंचं लुगडं टपटप गळत होतं. सकाळचं सोवळं तर त्यांच्या अंगावर होतं. तिनंच त्यांना वाढलं होतं, तेव्हा बघितलेलं.

विमल पडवीच्या दाराशी आली. उंबऱ्याबाहेर पाऊल न टाकता तिनं मान काढून कोनाड्याकडं बघितलं. पुस्तक तिनं पालथं ठेवलं होतं. आता ते उताणं होतं, आणि मधे सुपातलं तुरीच्या डाळीचं एक फोलपट खूण म्हणून अडकलं होतं, तेही अगदी शेवटच्या पानांत.

"काय बघतेस गं?" मागून आवाज आला.

मालूबाई दुसरं लुगडं नेसून उभ्या होत्या. चेहऱ्यावर न्हाल्याची तकाकी.

"काही नाही. तुम्ही दुपारच्या न्हालात?"

"उकडत होतं."

"मार्गशीर्षात?"

"माझ्या अंगात उष्णता फार आहे. तुला काय करायचंय?" म्हणून त्या तरातरा आत गेल्या आणि जपमाळ घेऊन बसल्या. मणी इतके भराभर सरकत होते, की देवालाही मोजता आले नसते.

विमल चुलीपाशी येऊन बसली. तिला पहिलं हसू आलं, ते तिनं पदराखाली दाबलं. मग ती विचार करू लागली. सासूबाईंनी शेवट वाचला. आचारी निघाला असता, तर त्यांनी अंघोळीआधीच धुरपदाबाईंना हाक मारली असती. पुतण्या निघाला असता, तर त्यांनी पैज कशी मोडावी म्हणून दुपारभर माझ्याशी भांडण उकरलं असतं. दोन्ही नाही. त्या जप करताहेत. म्हणजे त्यांना जिव्हारी लागेल असं काहीतरी त्या पुस्तकात आहे.

आणि एवढ्यावर थांबली असती, तर विमल विमल कसली? सगळ्या बुधवाऱ्याला विचारलं असतं, की ओवळ्या पुस्तकाला मालूबाई शिवतील का, तर सगळ्यांनी कानाला हात लावून 'छे' म्हटलं असतं. आणि त्या शिवल्या. कुणाला संशय येणार नाही म्हणूनच शिवल्या. त्यांचं सोवळं हाच त्यांचा आडोसा.

विमलच्या हातातली पळी हातातच राहिली. पानाला कधी न शिवणारी. चुन्याच्या डबीकडं जिची सावलीसुद्धा जायची नाही. कोपऱ्यात बसून पोथी वाचणारी.

"अगो बाई," ती चुलीला म्हणाली, "आत्याच की!"

पुस्तकाला तिनं हात लावलाच नाही. आता गरजच उरली नव्हती.

संध्याकाळी श्रीकांत मागच्या दारानं आला. कोटावर कापूस, हातात टोपी. धुरपदाबाई केव्हाच्या येऊन बसल्या होत्या आणि येताना पानाच्या पुडीत थोडा दराबा घेऊन आल्या होत्या. समारंभ म्हणजे गोड हवं, असं त्यांचं म्हणणं. श्रीकांतनं पुस्तक उचललं, तशा मालूबाई उंबऱ्यातून म्हणाल्या,

"नको रे वाचू. नेऊन दे परत. घाण पुस्तक आहे."

"आई, तुला कसं कळलं?"

"चेहऱ्यावरूनच कळतं पुस्तकाच्या. पैज बाद झाली म्हणा. संपलं."

"आसं कसं?" धुरपदाबाई उसळल्या. "म्या साक्षीदार हाय. शेवट झाल्याबिगर दराबा कोन्ला भेटनार न्हाई."

"थांबा," विमल म्हणाली. मागं फिरायची वेळ गेली होती. "वाचायच्या आधी मला नाव बदलायचंय. तसं ठरलंच होतं. पुतण्या नाही. खून आत्यानं केला."

मालूबाईंच्या हातातली जपमाळ खाली पडली.

"थी पोथीवाली?" धुरपदाबाईंनी तोंडावर हात ठेवला. "अवो माय! कालच म्या म्हनली, तं मालूबाई मह्या अंगावर आल्या!"

"वाचा हो," विमल नवऱ्याला म्हणाली.

श्रीकांतनं शेवटचं प्रकरण काढलं. डाळीचं फोलपट खाली पडलं. त्याचं लक्ष नव्हतं, विमलचं आणि मालूबाईंचं होतं. तो फॅक्टरीतल्या गाठींचे आकडे वाचावेत तसा एका सुरात वाचू लागला. डिटेक्टिव्ह म्हणतो, मंडळी, आपण सगळ्यांकडे पाहिले, पण जी व्यक्ती डब्याला स्पर्श करणार नाही अशी आपणा सर्वांची खात्री होती, तिच्याकडे कोणी पाहिलेच नाही. आत्या पोथी मिटते. आत्या उभी राहते. आत्या कबूल करते.

मग धुरपदाबाईंनी दराब्याची पुडी विमलसमोर खाली ठेवली. "घे बाई. तू तं खरीखुरी डिटेक्टिव्ह हायस. पन तुला समजलं कसं? पुस्तक तं तू आज शिवली नाई."

मालूबाई विमलकडं टक लावून बघत होत्या. त्यांच्या नजरेत राग होता, भीती होती आणि थोडी याचनाही होती, जी विमलनं त्या घरात कधी बघितली नव्हती. आत न्हाणीघरातल्या वलणीवरून अजून एखादा थेंब टपकल्याचा आवाज येत होता.

"काही नाही," विमल म्हणाली. "डिटेक्टिव्ह म्हणाला तसंच. रात्रभर विचार केला, की सगळ्यांत पक्की खात्री कुणाबद्दल होती? मग तिच्याच मागं लागले."

"बहोत हुशार," धुरपदाबाई म्हणाल्या आणि दराब्याचा मोठा तुकडा स्वतःच मोडून घेतला.

श्रीकांत पुस्तक घेऊन निघून गेला. धुरपदाबाई घरी गेल्या. ही बातमी त्यांना आता गल्लीभर पोचवायची होती. विमल भाकरीचं पीठ मळायला बसली. मालूबाई येऊन चुलीसमोर टेकल्या. बराच वेळ त्या विस्तवच सारखा करीत राहिल्या.

"बंब बघितलास?"

"बघितला."

"मग तिथं बोलली का नाहीस?"

विमल पीठ मळत राहिली. "सासूबाई, मीही पाणी तापवायलाच गेले होते."

मालूबाईंनी तिच्याकडं बघितलं. मग त्यांना कळलं. आधी त्यांचे खांदे हलले, मग त्या पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, की अंगणात खेळणारी मुलं काय झालं म्हणून धावत आली आणि आजी रडत नाही हे बघून परत पळाली.

"बया, म्हणजे दोघी एका बंबाच्या!"

"माझ्यावर न्हायची पाळी आली नाही एवढंच."

"पण मेल्या लेखकाला शोभतं का हे?" हसू ओसरल्यावर त्या पुन्हा तापल्या. "पोथी वाचणाऱ्या बाईवर बालंट! काय घोडं मारलं होतं तिनं याचं? पान तिला वर्ज्य, सुख वर्ज्य, आता खूनसुद्धा हिच्याच माथी! आणि म्हणे इस्टेटीसाठी. इस्टेट घेऊन काय करणार होती ती, भरजरी शालू नेसणार होती का? तुझं काय मत?"

आयुष्यात पहिल्यांदाच सासूबाईंनी विमलचं एखाद्या पुस्तकावर मत विचारलं होतं. विमलनं हात थांबवला.

"मला वाटतं, पुस्तक पहिल्या प्रतीचं आहे. पण आत्याचं कारण कच्चं. नुसत्या इस्टेटीसाठी नाही. इतकी वर्षं कोपऱ्यात बसवून ठेवलं, कुणी एकदा विचारलं नाही की बाई, तू काय वाचतेस. तेवढं लेखकानं लिहायला हवं होतं."

मालूबाईंनी विस्तव पुढं ओढला. लाकूड आत सरकवलं. मग म्हणाल्या, "दुसरं पुस्तक आहे का त्याचं?"

"प्रभाकरांना विचारावं लागेल."

"विचार. त्यातही म्हाताऱ्या बाईलाच चोर केलं असेल, तर त्याला पत्र लिहायचं. आणि हे बघ, पैज तू जिंकलीस. मी शब्दाची पक्की आहे. रोज दुपारी, काम आवरल्यावर. पण पुस्तक स्वच्छ हवं. श्रीकांत आणील ते आधी उन्हात ठेवायचं आणि मग धाबळीच्या तुकड्यात गुंडाळायचं. लोकरीला विटाळ नाही."

विमलनं मान डोलावली. ती भाकरी थापायला लागली आणि पहिली भाकरी वाकडी झाली.

श्रीकांत रात्री न्हाऊन जेवायला बसला, तेव्हा त्यानं प्रभाकरचा निरोप सांगितला, की टीकाकारांचा शेरा उद्या कळव, तो वाचनालयात मोठ्यानं वाचून दाखवणार आहे. "आणि नवीन पुस्तकही दिलंय त्यानं, त्याच लेखकाचं."

दुसऱ्या दिवशी पुस्तक अंगणात उन्हात पडलं होतं, चिमण्या त्याच्यावर बसून गेल्या. दुपारी सगळी कामं आवरली, वाती झाल्या, भाजी निवडून झाली. विमल हात पुसत माजघरात आली, तर खिडकीखाली पाट मांडलेला, पाटावर मालूबाई, मांडीवर धाबळी आणि धाबळीत पुस्तक. त्या पोथीच्या चालीत, एकेका अक्षरावर बोट ठेवून, दरोडेखोरांचं पहिलं प्रकरण वाचत होत्या. बोट अजून पहिल्याच पानावर होतं.

"सासूबाई, मी वाचायचं ठरलं होतं ना?"

"वाचशील की. माझं झाल्यावर." त्यांनी बोट न हलवता मान वर केली. "बस. आणि मधे मधे नाव सांगू नकोस मला. आचारी आलाय पानावर."